मोठ्यानं वाचा की!

परवा सात रस्त्याच्या कोपऱ्यावर अक्कांचा फ्लेक्स लागला. प्रथम पुण्यस्मरण. फोटो कुठल्या तरी जुन्या ओळखपत्रावरून उचललेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि खाली गुलाबी अक्षरांत ‘शांत, मितभाषी, मनमिळाऊ’. त्याच्याही खाली सौजन्य म्हणून एका मोबाईलवाल्याचं नाव, आणि नावाशेजारी स्कॅन करायचा चौकोन. ‘शून्य टक्के व्याज! पाच मिनिटांत कर्ज! कागद नको, जामीन नको!’

मी रिक्षा थांबवली आणि बघतच राहिले.

“मावशी, वळकीच्या होत्या का?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“वळकीच्या? अरे, ह्या बाईनं तो चौकोन बघितला असता ना, तर फ्लेक्स उतरवून त्या मोबाईलवाल्याच्या गळ्यात घातला असता!”

तो हसला. त्याला काय कळणार? माझं मात्र डोकं जे तापलं ते अजून उतरलेलं नाही. शांत म्हणे! मितभाषी म्हणे! मेल्या माणसाला बोलता येत नाही म्हणून काहीही लिहायचं? आणि लिहायचं ते लिहायचं, वर तिच्याच छातीवर कर्जाचं दुकान मांडायचं? शरम म्हणून काही असते की नाही?

म्हणून म्हटलं, आता मीच सांगते. कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सोलापुरातले निम्मे वकील माझ्या खुर्चीवर बसून मजकूर सांगतात. पण अक्का खुर्चीत कधी बसल्या नाहीत. उभ्यानं सांगायच्या, आणि असल्या आवाजात, की पलीकडचा चहावाला पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायचा.

नाव ॲडव्होकेट गौराबाई बिराजदार. मूळच्या मंद्रूपच्या. घरात कन्नड, दारात मराठी आणि भांडताना दोन्ही. लग्न केलं नाही. का, असं विचारायची हिंमत फक्त एका नव्या मुन्सफबाईंनी केली होती. त्यांना अक्का म्हणाल्या, “सगळ्या अटी वाचून बघितल्या की ओ. जमलं न्हाय.” इरकली साडी, वर काळा कोट आणि पायात पळायचे पांढरे बूट. त्या बुटांवरून वकील मंडळी मागं हसायची. “चपलीनं तारखेला पोचतंय कोण?” असं म्हणत त्या जिने चढायच्या.

अकराच्या सुमाराला माझ्याकडे डबा उघडायचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी मोडली की असा कडकडाट व्हायचा की माझा हात थबकायचा. “खा की गं, सुनंदा,” म्हणून अर्धी भाकरी सरळ कीबोर्डवर ठेवायच्या. अजून त्या कीबोर्डच्या फटीत चटणी असेल.

कुणी म्हणेल, गरिबांची कामं फुकट करत असतील. अजिबात नाही. अक्कांनी फुकट काम कुणाचं केलं नाही. “फुकटचा सल्ला मान्सं फुकट घालिवत्यात,” म्हणायच्या. ऐपत बघून फी घ्यायच्या, पण घ्यायच्या, आणि पावती द्यायच्या. रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडण उकरायच्या आणि शेवटी तेवढेच द्यायच्या. मनमिळाऊ! हं!

त्यांची एक रीत होती. कुणी करार घेऊन आलं, जाहिरात घेऊन आलं, की स्वतः वाचायच्या नाहीत. ज्यानं तो मजकूर लिहिला किंवा लिहवून घेतला, त्याच्याच हातात द्यायच्या.

“वाचा की मोठ्यानं.”

“अक्का, तुमीच बगा ना.”

“मला डोळे हायत. तुमच्या तोंडाला काय झालंय? वाचा.”

आणि माणूस वाचायला लागायचा. माझं दुकान म्हणजे भर रस्ता. झेरॉक्सला थांबलेली पाच-सात माणसं, चहावाला, शिपाई, सगळे ऐकत. वाचता वाचता कुठं तरी आवाज खाली यायचा. नेमकं तिथं अक्का बोट ठेवायच्या. “हितं आवाज का बसला? गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायला लाज वाटती, ते लिवलं कशाला मग?”

एकदा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक टॉवेलवाले आले होते. मोठे शेठ, बोटात अंगठ्या. वेबसाईट काढली होती. छोट्या दुकानदारांनी तिथून टॉवेल मागवायचे, आणि पैसे नसले तर तिथंच एक बटण दाबायचं; कुठली तरी फायनान्स कंपनी पैसे भरणार आणि दुकानदारानं हप्ते फेडायचे. शेठना वाटलं, अक्कांची एक सही घेऊन टाकू, सगळं कायदेशीर होईल. अक्कांनी फोन त्यांच्याच हातात दिला. शेठ इंग्रजीत अडखळत वाचायला लागले. पार खालच्या ओळीत आलं, की तंटा झाल्यास तो अमुक एका परदेशी शहरातल्या कोर्टात चालेल.

“कुटं हाय ओ हे गाव?” अक्कांनी विचारलं.

शेठना माहीत नव्हतं. पोरानं कुठल्या तरी साईटवरून आख्खा मजकूर उचलून चिकटवला होता.

“टॉवेल इनायचा हितं, इकायचा करमाळ्याला, आणि भांडायला इमानात बसून जायाचं व्हय? तो करमाळ्याचा दुकानदार पासपोर्ट काडंल का हप्ता भरंल?”

चहावाल्याच्या हातातून पेले पडायचे बाकी होते. शेठ लाल झाले. पण अक्कांनी त्यांना सोडलं नाही. “दुसऱ्याचं कर्ज आपल्या दारात इकायला ठेवलं की तीन गोष्टी दारातच सांगाव्या लागत्यात, शेठ. पैसे कुणाचे हायत त्याचं नाव. शेवटपर्यंत मिळून किती जाणार तो आकडा. आणि बिनसलं तर कुणाकडं ओरडायचं तो पत्ता. तुमच्या पानावर तिन्हीपैकी एक बी न्हाय. तुमचा फोटो मात्र हाय.”

“पण अक्का, आमी तर नुसतं बटण ठिवलंय.”

“सुरी इकणारा बी नुसती सुरीच इकतो. पण धार कुटल्या बाजूला हाय ते तरी सांगतो.”

शेठनी फी दिली, पावती घेतली, आणि पान बदललं. बदललं हे महत्त्वाचं. कारण ‘आमी नुसतं बटण ठिवलंय’ हे वाक्य मी पुढं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, इतक्या जबाबांत टाइप केलं, की ते ऐकलं तरी पित्त खवळतं माझं. अहो, तुमच्या पाटीवर, तुमच्या नावावर विश्वास ठेवून माणूस आत येतो. त्या नावाचा मलिदा खायला पुढं, आणि गळ्याशी आलं की ‘नुसतं बटण’!

पण हे टॉवेलवाले परके होते. अक्कांची खरी परीक्षा घरातून आली.

अक्कांना एकच भाऊ, बसवराज. दहा-बारा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, अक्कांनीच त्याला वाढवला, शिकवला, पूर्व भागात शिलाई मशीनचं दुकान घालून दिलं. बसूभाऊ माणूस वाईट नाही, हेही सांगते. मऊ आहे. कुणी गोड बोललं की विरघळतो. दुकानाची जुनी रीत मात्र छान होती. बायका भाद्रपदातच येऊन मशीन पसंत करायच्या, थोडे पैसे ठेवायच्या. पण पक्षपंधरवड्यात नवी वस्तू घरात कोण नेणार? बसूभाऊ मशीनवर खडूनं नाव घालून ठेवायचा. मग नवरात्रात, खांडेनवमीच्या आत, मशीन घरी जायचं, म्हणजे पूजेत बसायचं. सोलापुरात माग असो, कात्री असो, हत्यार त्या दिवशी पूजेत नसेल तर ते आपलं वाटत नाही. आणि हप्ता सुरू व्हायचा तो मशीन घरी आल्यावर, तोही दुकानाच्या गल्ल्यावरच. कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग पुण्याची की कुठली एक कंपनी आली. वेबसाईट करून दिली, वर ‘आमची सोपी हप्ता योजना, शून्य टक्के’ असं झळकलं. ‘आमची’! बसूभाऊचा हसरा फोटो, दुकानाचं नाव, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव कुठं? शोधून सापडत नव्हतं.

अक्कांनी रविवारी त्याच्या घरी जेवताना त्यालाच वाचायला लावलं होतं, ताटावर. “‘आमची योजना’ म्हंजे कुणाची रे बसू? तुझी?” तो म्हणाला, “अक्का, जेवू दे की.” दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भावजय म्हणाली, “तुमचं कोर्ट बाहेर ठेवून येत जावा.” ह्या सगळ्याची हकिगत अक्कांनी मला भाकरी मोडता मोडता सांगितली होती. त्या दिवशी भाकरीचे तुकडे फारच बारीक झाले.

आणि मग नरसूबाई आल्या.

नरसूबाई विड्या वळणारी बाई. घरात तेलुगू, बाहेर आपली मराठी. नवरा यंत्रमागावर होता, छातीच्या दुखण्यानं घरी बसलेला. त्यांच्या महिला बचत गटाला शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार होतं, आणि ज्या बाईकडे स्वतःचं मशीन तिलाच वाटा. म्हणून पक्षपंधरवड्यातच त्या बसूभाऊकडे गेल्या. बसूभाऊनं त्यांचा फोन घेतला आणि मदत म्हणून स्वतःच टकाटक सगळं दाबलं. होय, होय, सहमत, होय. नेहमीसारखं मशीनवर खडूनं नाव घातलं. नरसूबाई नमस्कार करून घरी गेल्या. नवरात्रात न्यायचं मशीन.

त्या बटणाला पक्षपंधरवडा काय कळणार? कंपनीच्या हिशोबी कर्ज त्याच क्षणी सुरू. विचार बदलला तर कर्ज परत करायची एक मुदत कायद्यानं असते. ती मशीन दुकानात उभं असतानाच संपली. पहिला हप्ता विडीच्या मजुरीच्या खात्यातून आपोआप कापायला गेला, खात्यात काही नव्हतं, दंड बसला. दंडावर दंड. नरसूबाईंनी नवरात्रात मशीन नेलं, पूजा केली आणि ठरल्याप्रमाणं हप्ता गल्ल्यावर नेऊन दिला. बसूभाऊनं तो घेतलाही! त्याला वाटलं, कंपनीकडे पाठवू सवडीनं. ह्या भोळेपणाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

फोन तर मशीन दुकानात होतं तेव्हापासूनच सुरू झाले होते. आता ते वाढले. नरसूबाईंनाच नाही, त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांना. विडी कारखान्याच्या शाखेतल्या मुनिमाला, भाच्याला, आणि गटाच्या अध्यक्षबाईला. ‘तुमच्या ओळखीची बाई चोर आहे. मशीन घेऊन पैसे बुडवलेत. तुम्ही जामीन आहात का?’ अध्यक्षबाई घाबरली. गणवेशांच्या कामातून नरसूबाईंचं नाव काढलं. गल्लीत बायका बोलायच्या थांबल्या.

त्या माझ्या दुकानात आल्या तेव्हा रडत नव्हत्या. ताठ उभ्या होत्या. “वकीलअक्का, पहिला फोन आला तवा मिशन दुकानातच होतं. मी हातबी लावला न्हवता. मिशन दुकानात आणि चोर मी? आमच्यात विडीचं पान कमी भरलं तरी कुणी चोर म्हणलं न्हाय आजपावेतो. पैशाचं बगून घेईन मी. पर हे चोर म्हणलेलं कोण काडणार?”

अक्कांनी दुकानाचं नाव विचारलं. नरसूबाईंनी सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं की हा वकीलअक्कांचा भाऊ.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच आत. “सुनंदा, कागद लाव,” म्हणाल्या. “नोटीस. पहिलं नाव कंपनीचं. दुसरं नाव...” आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अक्कांना मजकूर सांगताना थांबलेलं बघितलं. मग आवाज चढवून भावाचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा, सगळं नीट सांगितलं. चहावाल्यानं त्या दिवशी पुढचं वाक्य म्हटलं नाही.

बसूभाऊ धावत आला. माझ्या दुकानातच. “अक्का, सख्खा भाऊ हाय मी तुजा! फोन करायचा की!”

“फोन तीनदा केलता. ताटावर. म्हणून आता रजिस्टरनं पाठवलं.”

“मी काय केलं गं? चांगलंच करायला गेलो. नुसतं बटण...”

“बसू,” अक्का म्हणाल्या, “ते वाक्य माज्यापुढं बोलू नको.”

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. अक्का दुपारी माझ्याकडे आल्या. कोर्टाला सुट्टी, माझ्याकडेही तुरळक गिऱ्हाईक. उगाच एक जुना अर्ज पुन्हा टाइप करून घेतला. जाताना पिशवीतून लाडवाचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. “त्याला रव्याचे आवडत्यात,” म्हणाल्या. “तू खा.” मी म्हटलं, “अक्का, त्याची चूक आणि तो रुसतो? हा कुठला न्याय?” माझा तर संताप संताप झाला होता. त्या म्हणाल्या, “रुसू दे. नातं खरं असंल तर रुसवा जातो. खोटं असतं तर मी रुसले असते.” आणि पांढरे बूट आपटत गेल्या.

ग्राहक आयोगात कंपनीचा वकील आला होता, सुटाबुटात. त्यानं सांगितलं, आम्ही केवळ तंत्रज्ञान पुरवतो, ग्राहकाने स्वतः सहमती दिली आहे. बसूभाऊच्या वकिलानं सांगितलं, आम्ही केवळ विक्रेते, कर्जाशी संबंध नाही. कंपनी म्हणते दुकानाला विचारा, दुकान म्हणतं कंपनीला विचारा, आणि मधल्या मध्ये नरसूबाई उभी, चोर म्हणून! मी कागद द्यायला गेले होते, मागं बाकावर बसून ऐकत होते. त्या सुटाबुटातल्याच्या टायला हात घालावासा वाटत होता.

अक्का उठल्या. म्हणाल्या, “साहेब, माझी एवढीच विनंती आहे. ज्या पानावर सहमती घेतली ते पान विरुद्ध पक्षाच्या विद्वान वकिलांनी इथं मोठ्यानं वाचून दाखवावं. फोनवर दिसतं तसंच.” कोर्टात अक्का अशी झकास पुस्तकी मराठी बोलायच्या.

सुटाबुटातले वकील वाचायला लागले. वाचतायत, वाचतायत, आणि एका ठिकाणी बसला आवाज. फोनमधले सर्व संपर्क पाहण्यास माझी संमती आहे. आणि त्यापुढच्या चौकोनात खूण आधीच केलेली.

“ही खूण कुणी केली?” अक्कांनी विचारलं. “नरसूबाईंनी नाही. दुकानदारानंही नाही. ती तुमच्याकडूनच भरून आलेली आहे. कर्जासाठी कुणाच्या फोनमधली नावं उपसायला नियमात मनाई आहे, आणि तुम्ही मनाई केलेली गोष्ट आधीच ‘होय’ करून ठेवता! आता पुढं वाचा. कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा.”

नाव त्या पानावर नव्हतं. दोन पानं आत, बारीक अक्षरात होतं.

मग मध्यस्थीची बोलणी लागली. कंपनीनं कर्ज बंद केलं, दंड सोडला, नरसूबाईंचं नाव बुडव्यांच्या यादीतून काढलं. पण तडजोडीच्या कागदात काय लिहायला लावलं? ‘कोणतीही चूक मान्य न करता.’ ते शब्द मी ह्या हातांनी टाइप केलेत. बोटं जळली माझी! एका बाईला गावभर चोर म्हणायचं, आणि चूक कुणाचीच नाही? मी अक्कांवरच ओरडले. त्या म्हणाल्या, “कंपनीला तोंड नसतंय गं. तिच्याकडनं काय वदवून घेतीस? तोंड असलेला दुसरा मान्स हाय की.”

त्यांनी बसूभाऊसाठी वेगळी अट घातली होती. पैसे नाहीत, माफीनामा नाही. बचत गटाच्या बैठकीत येऊन त्यानं आपल्या वेबसाईटचं पान सगळ्या बायकांपुढं वाचायचं. आणि पान बदलेपर्यंत बटण बंद.

बैठक समाजमंदिराच्या ओसरीवर. बायका मांडी घालून बसलेल्या, अध्यक्षबाई पुढं, नरसूबाई पार मागं, खांबाला टेकून. बसूभाऊ उभा राहिला, फोन हातात, आणि वाचायला लागला. ‘आमची सोपी हप्ता योजना.’ एका म्हातारीनं लगेच विचारलं, “म्हंजे तुजीच न्हवं?” तो म्हणाला, “न्हाय, आजी. कंपनीची.” “मग आमची का लिवलं?” तो घाईनं पुढच्या ओळीवर गेला. शून्य टक्के वाचलं. त्याखालची फी वाचली. “मग शून्य कसं रं?” दुसरीनं विचारलं. तो घामाघूम झाला. शेवटी फोन खाली घेतला आणि म्हणाला, “नरसूबाईंनी हप्ता माज्या हातात दिलाय. मीच पुढं पाठवला न्हाय. आणि मिशन माज्या दुकानात होतं. त्या चोर न्हाईत.” अध्यक्षबाई उठल्या, मागं गेल्या, आणि नरसूबाईंना हाताला धरून पुढं आपल्या शेजारी बसवलं.

अक्का ओसरीच्या बाहेर बूट घालत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या माहितीत त्या मितभाषी झाल्या त्या तेवढ्याच.

नरसूबाईंनी त्या वर्षी गणवेश शिवले. बसूभाऊच्या साईटवर आता कंपनीचं नाव पाटीएवढंच मोठं आहे, एकूण रक्कम लिहिलेली आहे, आणि ‘मशीन घरी पोचल्यावरच कर्ज सुरू’ ही अट त्यानं भांडून घालून घेतलीय. पुढच्या भाऊबीजेला तो आला. लाडू खाल्ले, म्हणे.

मग गेल्या वर्षी अक्कांना छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं, नेमका रविवार. अक्कांची ठेव बँकेत, बँक बंद. मी भाकरी-चटणीचा डबा घेऊन गेले होते, देऊ देणार नाहीत हे ठाऊक असूनही. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर अक्का, बाजूला बसूभाऊ, रडून डोळे सुजलेले. आणि त्याच्यापुढं दवाखान्याचा माणूस टॅबलेट घेऊन उभा. ‘उपचार आत्ता, हप्ते नंतर. सर, इथं फक्त सहमत दाबा.’ दवाखान्यातसुद्धा! माणूस दारात पडलाय आणि हे बटण घेऊन उभे!

बसूभाऊचं बोट खाली येतच होतं.

“बसू.” आवाज खोल गेलेला, पण तोच. “कुणाचे पैसे हायत?”

“अक्का, आता न्हाय गं! आता तरी न्हाय!”

“वाच की मोठ्यानं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. तो वाचायला लागला. नर्सबाई थांबली, वॉर्डबॉय थांबला. कंपनीचं नाव आलं, एकूण रक्कम आली. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी हात वर केला. “ती खूण आधीच केलेली हाय न्हवं? काड ती.” दवाखान्याच्या माणसानं गुपचूप काढली.

बसूभाऊ पुढं वाचत गेला आणि थांबला. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, रुग्णाचा मृत्यू झाल्यास उर्वरित रक्कम सहमती देणाऱ्या नातेवाइकाने भरावी.

“आवाज का बसला?” अक्कांनी विचारलं.

तो मान हलवत होता, नाही नाही म्हणून.

“वाच बाळा. ते बरोबर लिवलंय. त्यात लाज न्हाय. सही करणाऱ्याला ठावं पायजे.”

आणि त्यानं वाचलं. रडत वाचलं, पण सगळं वाचलं, आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं. अक्का म्हणाल्या, “हं. आता दाब.”

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आत ढकललं. चादरीखालून बाहेर आलेले पाय दिसले, पांढऱ्या बुटांशिवाय, लहान लहान. बूट माझ्या हातात होते.